तुमच्या जबाबातलं एक वाक्य

उत्तमकाका,

हे मराठीत लिहिते आहे, तेव्हा चुका होणार. तुम्ही असता तर लाल पेन घेऊन बसला असतात. माझी शाळा-कॉलेज इंग्रजीत, घरात कोंकणी. मराठी लिहायला मी शिकले ती तुमच्या रिपोर्टांवरून. सामना संपला की स्टेडियमच्या मागच्या जिन्यावर बसून तुम्ही रेघांच्या कागदावर लिहायचात, 'उत्तरेकडील फाटकावर एक इसम मद्यधुंद अवस्थेत आढळला.' त्या 'इसम'ला मी हसले तेव्हा म्हणालात, "हांस. पूण इंग्लिशींत सारकें घाल." तुम्ही मराठीत लिहायचं आणि मी ते इंग्रजीत करून फुटबॉल लीगच्या ऑफिसला पाठवायचं. सुरक्षेच्या या कामातली माझी सुरुवात तीच.

म्हणून हे तुमच्याच भाषेत. आणि आत्ताच लिहायला हवं, कारण येत्या रविवारी डिचोलीतल्या एका सभागृहात चाळीस नव्या लोकांना मला तुमची गोष्ट सांगायची आहे. हंगाम सुरू होण्याआधीचं प्रशिक्षण असतं ना, तेच. लीगच्या सुरक्षाप्रमुखांनी, आपल्या साहेबांनी, स्लाइड तयार करून पाठवली आहे. वर तुमचं नाव, मध्ये पूर्व फाटकाचा फोटो आणि खाली एक ओळ: पर्यवेक्षकाने एकट्याने नियम मोडला; प्रवेशपत्रं तपासणाऱ्या मुलीला याची कल्पना नव्हती.

ती मुलगी मी. आणि मला कल्पना होती.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या डिचोलीच्या घरी आलात तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. खाणी बंद पडल्यावर तुम्ही शिरगावातली वॉचमनची नोकरी गमावून बसला होतात आणि तुमच्यासारख्याच घरी बसलेल्या माणसांना गोळा करून सामन्यांना बंदोबस्ताला न्यायला लागला होतात. बस सकाळी पेडण्याहून निघायची, डिचोलीला थांबायची आणि दक्षिणेला स्टेडियमवर जायची. लीगला रिपोर्ट इंग्रजीत लागत होते, आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की आमच्या घरात कॉलेज झालेली एक मुलगी रिकामी आहे.

"चेडवाक दांडो दिवन उबें करतलो?" पोरीच्या हातात दांडा देणार की काय, या धास्तीने आईने विचारलं.

"दांडो कसलो वयनी, पेन दितलों."

बाबा हसले. "ती घरांत आयिल्ल्या पावण्यांक लेगीत 'या' म्हणना. ती लोकांक आडायतली?"

"उलोवपी खूब मेळटात," तुम्ही म्हणालात. "पळोवपी मेळना."

बोलणारी पुष्कळ, बघणारी मिळत नाही. माझ्या न बोलण्याचा कुणाला तरी उपयोग असू शकतो, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. शाळेतल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर 'शांत आहे, सहभाग वाढवावा' असा शेरा असायचा. मी तुमच्या बसमध्ये चढले ती बहुतेक त्या एका वाक्यामुळे.

नंतर पेनावर भागलं नाही. बायकांच्या रांगेत बॅगा तपासायला माणूस कमी पडलं आणि तुम्ही मला तिथे उभं केलंत. अनोळखी बाईच्या बॅगेत हात घालायला नको म्हणून पहिल्या तिघींना मी बॅग स्वतःच उघडून दाखवायला सांगितलं. चौथी बाई आली ती माझ्या शाळेतली पीटीची टीचर. "अगं, तू इथे?" म्हणाल्या आणि मी लाजून त्यांना तशीच वाट दिली. तुम्ही मागेच होतात.

"तांची बॅग?"

"काका, त्या माझ्या टीचर."

"बरें. मागीर तांकां लज दिसची ना. तपास."

बॅगेत काचेची मोठी बाटली निघाली, सोलकढीने भरलेली. टीचरनी ती रांगेतच उभ्याने रिकामी केली, मला अर्धा ग्लास पाजला आणि मोकळी बाटली तुमच्या हातात देऊन आत गेल्या. तुम्ही पुढचे दोन हंगाम सगळ्या नव्या मुलींना ही गोष्ट सांगत होतात, आणि दर वेळी सोलकढी थोडी वाढत होती. पण त्या दिवशी बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणाला होतात की ओळखीचा चेहरा सर्वांत आधी तपासायचा, कारण तिथेच आपला हात ढिला पडतो.

हे तुम्ही शिकवलंत, काका. म्हणूनच मी तुमच्यावर इतकी चिडले होते.

दोन हंगामांत मी बरंच शिकले. वॉकीटॉकीवर कमी शब्दांत बोलायला. गर्दी दाटायला लागली की पायांकडे नाही, खांद्यांकडे बघायला. खांदे वळायचे थांबले की समजायचं, आता माणसांना जागा उरली नाही. लीगने मला दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले तेव्हा प्रवेशपत्रांचं टेबल माझ्याकडे आलं, आणि सामना सुरू झाल्यावर कंट्रोल रूममध्ये बसून नोंदी ठेवण्याचं काम. आईने शेजारी पेढे वाटले. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, "मशीन कार्ड वाचता, बाय. तोंड तुवें वाचपाचें."

त्या टेबलावरचा माझा तो पहिलाच सामना.

बस आली. आपली माणसं एकेक करून टेबलापाशी येत होती, गळ्यातलं कार्ड मशीनला लावत होती, हिरवा दिवा लागला की आत जात होती. पूर्व फाटकावरच्या प्रेमानंदचं कार्ड लागलं. दिवा हिरवा झाला. मी मान वर केली तर समोर प्रेमानंद नव्हता. त्याचा थोरला भाऊ सगुण होता. काजूची बाग सांभाळणारा, पन्नाशीला आलेला, कधी स्टेडियमवर न आलेला सगुण, धाकट्या भावाचं जाकीट घालून. ते त्याला खांद्यात तंग होत होतं. कार्डावरच्या फोटोत मिशी नव्हती आणि समोर झुबकेदार मिशी होती.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दोन पावलांवर यादी घेऊन उभे होतात. तुम्हीही माझ्याकडे बघितलंत. मग तुम्ही यादीत डोकं घातलंत, आणि मी म्हटलं, "पुढचा."

बस एवढंच. तीन सेकंद असतील.

जेवणाच्या वेळी मी तुम्हाला जिन्याखाली गाठलं. तुमच्या हातात उंडो पाव होता, भाजी कागदावर. मी इतक्या हळू बोलत होते की तुम्हाला वाकावं लागलं. प्रेमानंदला ताप आला, तुम्ही म्हणालात. एक माणूस कमी पडला तर पूर्वेचा भाग बंद ठेवतील, मग सगळ्या बसचं नाव जाईल. भाऊ आला तर काय बिघडलं? आपल्या देवळात पालखीच्या पाळीला एक भाऊ आजारी पडला तर दुसरा जात नाही का?

"पाळी घराची आसता गो. मनशाची न्हय."

"काका, कार्डावर घराचा फोटो नाही. माणसाचा आहे. माझ्या टीचरची बॅग तपासायला लावलीत मला."

तुम्ही चावायचे थांबलात. मग म्हणालात, "हांव ताका सगळें दाखयतां. तूं भियेनाका."

तो वाद तिथेच राहिला. पुढे कधीच पुरा झाला नाही. तुम्ही सगुणला सगळं दाखवणार होतात, पण तेवढ्यात तुम्हाला पार्किंगच्या भांडणावर बोलावलं, आणि प्रेक्षक आत सोडायची वेळ झाली.

आता जे लिहायचं आहे ते तुम्हाला अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

सामना संपायला वीसेक मिनिटं होती. आपल्या संघावर तिसरा गोल झाला आणि पूर्वेच्या गॅलरीतले लोक एकदम उठले. चिडून, घरी जायला. कंट्रोल रूमच्या पडद्यावर मला ते जिना उतरताना दिसत होते. फाटक आत्तापर्यंत उघडायला हवं होतं, उघडलं नव्हतं. त्या फाटकाला दोन अडसर आहेत, वरचा सगळ्यांना दिसतो, खालचा पायाने उचलावा लागतो. प्रेमानंद तीन हंगाम तिथे होता, तो झोपेतही उघडला असता. सगुणने वरचा काढला आणि फाटक ओढत राहिला. मग त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

तुम्ही नव्यांना पहिल्या दिवशी सांगायचात ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं: बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, दाबून धरलं तर सगळ्यांचीच वाट बंद. आता मैदानावरच्या प्रत्येक वॉकीटॉकीवर एकच आवाज होता. "रे देवा. उगडना. रे देवा, उगडना." त्याच्या मागे लोकांचा आवाज. कुणालाच काही सांगता येत नव्हतं. पडद्यावर खांदे वळायचे थांबले होते.

साहेब ओरडले, "पूर्व फाटकावर कोण आहे?"

यादी माझ्यासमोर होती. त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं की तो आवाज कुणाचा आहे, आणि त्याला खालचा अडसर माहीत नाही. मी तोंड उघडलं आणि यादीतलं नाव वाचलं.

"प्रेमानंद."

"जुना आहे. उघडेल तो," साहेब म्हणाले, आणि हातातली चार माणसं त्यांनी दक्षिणेकडे पाठवली, तिथेही गर्दी उठत होती.

मी दुसऱ्यांदा बोलू शकले असते. लॅपटॉपवर माझी बोटं चालत होती. मी वेळ टाइप केली, फाटकाचा नंबर टाइप केला. एक मिनिट गेलं. नंतर मी पडद्याचं रेकॉर्डिंग काढून बघितलं आहे, पुरं एक मिनिट आहे ते. मग पडद्याच्या कोपऱ्यातून तुम्ही आलात. साठीचा माणूस, पश्चिमेकडून गॅलरीच्या मागच्या वाटेने अर्धं स्टेडियम धावत. सगुणला बाजूला केलंत, पायाने खालचा अडसर उचललात आणि फाटकाबरोबर स्वतः मागे फेकले गेलात. माणसं बाहेर पडली. एका बाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एक म्हातारे गृहस्थ चेंगरून बेशुद्ध झाले, रुग्णवाहिकेत शुद्धीवर आले. त्याहून जास्त काही झालं नाही. ते तुमच्यामुळे.

तुम्ही कसे धावलात ते मला नंतर कळलं. वॉकीटॉकीवर सगुणचा आवाज ऐकला आणि निघालात. आवाज तुम्हीही ओळखलात, मीही ओळखला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुमचा जबाब मागितला. संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आलात, डाव्या हाताला पट्टी होती. आईने दिलेला चहा खिडकीत, जनेलावर ठेवलात आणि मला दोन पानं दिलीत. "इंग्लीश कर."

तुमचं ते सुबक अक्षर. वेळ, जागा, दोन अडसर, सगळं जसं घडलं तसं. आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर: 'बदली माणसास आत घेण्याचा निर्णय सर्वस्वी माझा. प्रवेशपत्रे तपासणाऱ्या मुलीस याची काहीही कल्पना नव्हती.'

मी वर बघितलं. तुम्ही जनेलातून बाहेर रस्त्याकडे बघत होतात.

"काका, हे..."

"सामकें बरोबर आसा. तशेंच घाल."

आणि मी घातलं. माझ्या हाताने, शुद्ध इंग्रजीत. तुमच्या रिपोर्टमधलं एकही वाक्य मी यापेक्षा लवकर आणि यापेक्षा चांगलं भाषांतरित केलं नव्हतं. तुमचं नाव लीगच्या यादीतून गेलं. तुमची बस दुसऱ्या कुणाच्या हातात गेली. दोन महिन्यांनी मी स्टेडियमच्या प्रवेशव्यवस्थेची प्रमुख झाले. पहिलंच काम म्हणून मी चेहरा तपासणारी मशीनं मागवली. आता भाऊ भावाच्या कार्डावर येऊ शकत नाही. लोक म्हणतात, बाय कडक आहे.

त्यानंतर मी दोनदा लाटंबार्सेला तुमच्याकडे आले. दोन्ही वेळा बसमध्ये वाक्य पाठ करत आले. दोन्ही वेळा तुम्ही दारातच विचारलंत, "जेवलें गो?" आणि मी जेवले, आणि काकींनी बांधून दिलेले काजूगर घेऊन परत आले. तुम्हाला बहुतेक वाटत असेल, मी त्या तीन सेकंदांसाठी आले आहे, आणि ते तुम्ही केव्हाच माफ केले होते. त्या एका मिनिटाचं मला सांगायचं होतं. ते तुम्ही माफ केलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही, आणि मी स्वतःच उत्तर ठरवून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

तुमच्या बाराव्याला अंगणात बसची सगळी माणसं होती. मी मागच्या रांगेतल्या कदेलावर बसले. मी नेहमी मागेच बसते. सगुण आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मिशी काढली होती.

"बाय, एक विचारू?" सगुण माझ्याशी नेहमी मराठीत बोलायचा प्रयत्न करतो. "त्या दिवशी टेबलावर तू मला बघितला होतास ना?"

काकी ओसरीवर होत्या, त्यांनी मान वळवली.

"बघितला होता," मी म्हटलं.

"म्हाका दिसतालेंच," तो म्हणाला. रागाने नाही. "दोन वर्षं प्रेमानंद माझ्याकडे बोलत नाही. म्हणतो, तुझ्यामुळे काकांचं गेलं. मी म्हणतो, मला कुणी अडवला असता तर मी परत गेलो असतो रे. काजू वेचायच्या होत्या माझ्या."

मला वाटलं काकी मला जवळ घेतील, किंवा आत निघून जातील. त्या तिथूनच बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"तांणी कित्याक तशें बरयलें तें म्हाका खबर ना. म्हाका विचारिल्लें जाल्यार बरोवंक दिवचें नाशिल्लें. गांवांतले लोक तांकां फटकिरो म्हणटाले. खोटारडा. देवळांतल्या बैठकीक वचप सोडलें तांणी. आनी तूं हांगा येवन काजू व्हरताली."

त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तुम्हाला ते लिहूच दिलं नसतं. मी गप्पच बसले. पण त्या गप्प राहण्याची चव पहिल्यांदाच वेगळी होती. माझ्या गप्प बसण्याला तुम्ही गुण म्हणाला होतात. तुमच्या अंगणात बसून मला दिसलं की त्याच्या आड मी किती काळ लपून बसले आहे.

काका, काकींचा माझ्यावरचा राग बरोबर आहे, आणि तुमच्यावरचाही. तुम्ही मला वाचवलंत. पण विचारलं नाहीत. मी तेवीस वर्षांची होते, घाबरले होते, पण मी काही लहान मूल नव्हते. त्या टेबलावर तुम्ही मला बसवलंत ते मी बघू शकते म्हणून. मग जबाब लिहिताना मला आंधळी का केलंत? हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं, जिन्याखाली, तुम्ही उंडो खाताना.

आणि तरी मी तुमची ऋणी आहे. मी आज जे काही नीट करते, ते तुम्ही शिकवलेलं आहे. तुमच्या मागे गर्दीत उभी राहिले नसते तर मी घरातच राहिले असते, प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखी.

परवा मी साहेबांना मेल पाठवला. सगळं लिहिलं. त्यांचा फोन आला. मेल त्यांनी पुन्हा एकदा मलाच वाचून दाखवला. मग म्हणाले, "याचा अर्थ तुला कळतो ना? कंट्रोल रूममध्ये चुकीची माहिती देणं. यादीतून नाव जातं."

"हो सर."

"तो माणूस गेला. फाइल बंद आहे. आता कुणाला हवंय हे?"

मी म्हटलं, "पूर्व फाटकावर रविवारनंतर जो उभा राहील त्याला हवंय."

त्यांनी मला शुक्रवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. रविवारचं प्रशिक्षण बहुधा दुसरं कुणीतरी घेईल. बाबा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे बघत नाहीत. आई म्हणते, एवढं बोलायला आत्ताच कुठून सुचलं तुला.

शुक्रवारी न्यायला तुमचा जबाब मी आज पुन्हा इंग्रजीत केला. तुमची दोन पानं शेजारी ठेवून, शब्दाला शब्द लावून. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले तेव्हा ते वाक्य गाळावं असं एकदा वाटलं. नाही गाळलं. ते तुम्ही लिहिलं आहे, तुमच्या सहीचं आहे, ते बदलायचा मला अधिकार नाही. मी फक्त तुमच्या सहीच्या खाली थोडी जागा सोडली आणि तिथे लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत: 'वरील मुलगी मी. मी त्या माणसास ओळखले होते. विचारले असता मी खोटे नाव सांगितले.'

आणि खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.